सोप्या शब्दांच्या चिठ्ठ्या

५ फेब्रुवारी

आज बाईंनी वाटण्या केल्या. बाई म्हणजे आमच्या मुख्य संपादिका. कोशाच्या कचेरीत त्यांना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. बोलण्यातल्या इंग्रजी शब्दांचा मराठी कोश काढायचा, वर्षअखेर छापखान्यात द्यायचा. अल्पविरामाच्या वाट्याला शिव्या आल्या. अल्पविराम म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरचे मुद्रितशोधक. बोलताना दर तिसऱ्या शब्दाला थांबतात, म्हणून हे नाव. शिव्यांचा गठ्ठा हातात पडल्यावर बिचारे दर शब्दाला थांबू लागले.

आणि मला काय मिळालं? 'सोपं'. सोप्या कामाचे आणि आयत्या विजयाचे शब्द. केकवॉक, पीस ऑफ केक, वॉकओव्हर, सिंच, ब्रीझ, डॉडल, डक सूप, चाइल्ड्स प्ले, एकूण सव्वीस. चौतीस वर्षं या खुर्चीत घासली आणि बक्षीस काय, तर पोरखेळ! मी तसं बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "सोपे शब्दच अवघड असतात." असली वाक्यं टाकूनच माणसं मुख्य संपादक होतात.

ही वही त्यासाठीच आणली. कामाचं फायलीत, मनातलं इथं.

८ फेब्रुवारी

आमच्याकडे एक नियम आहे आणि तो मीच घालून घेतलाय. उदाहरणाचं वाक्य टेबलाशी बसून रचायचं नाही. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेलंच हवं. चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, मधे वाक्य जसंच्या तसं, खाली बोलणारा कोण आणि तारीख. कोऱ्या चिठ्ठ्या माझ्या शर्टाच्या खिशात कायम असतात. धुण्यात गेल्या की घरात रामायण होतं.

आज दोन तास बसमधून उगाच हिंडलो. एक चिठ्ठी भरली नाही. लोक अवघड गोष्टींबद्दलच बोलतात. जे सहज जमतं त्याबद्दल कोण कशाला बोलेल?

११ फेब्रुवारी

घबाड सापडलं! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते खोटं नाही. माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या तोंडी.

ही घरी कपड्यांच्या दुरुस्तीचं काम करते. हातानं काज घालावं ते हिनंच. मोठी मोठी दुकानं तयार कोट हिच्याकडे काजांसाठी पाठवून देतात. आज सकाळी खिडकीशी बसली होती. एकदम चिडून म्हणाली, "पूर्वी बोलता बोलता काज व्हायचं. आता एका काजाला अख्खी सकाळ जाते." बोलता बोलता! 'ब्रीझ'ला याहून चांगला प्रतिशब्द कोण देणार? मी लगेच चिठ्ठी काढली. म्हटलं, "थांब, थांब. पुन्हा सांग. आधी कसं व्हायचं?" तिनं सुई खाली ठेवली, माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं आणि सावकाश पुन्हा सांगितलं. बोटांना सुई कळतच नाही, मोजा घातल्यासारखं वाटतं, असंही म्हणाली. तेही उतरवलं, कारण नियम म्हणजे नियम. मग 'बोलता बोलता'खाली लाल रेघ मारली.

चौतीस वर्षं चिठ्ठ्या भरतोय, पण हिचं वाक्य कधी घेतलं नव्हतं. घरातल्या बोलण्यात असतं काय? गॅस संपला आणि नळ गळतोय.

२० फेब्रुवारी

जिंकलो!

हे नीट लिहून ठेवायला हवं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमधे टेबल टेनिसचं टेबल आहे. रोज संध्याकाळी सहाला आम्ही दोघं खेळतो. लग्नाआधी ही संघातून खेळायची आणि मी तिचा खेळ बघायला जाऊन जाऊन तिच्या गळ्यात पडलो. टेबलाशी ती मला अरे-तुरे करते, जिना चढला की पुन्हा अहो. इतक्या वर्षांत मी दोन वेळा जिंकलो, त्यातल्या एकदा तिला ताप होता. आज अकरा-आठ. सरळ, स्वच्छ, बिनतापाचं.

"आज माझा हात माझा नव्हता रे," म्हणाली. नाचता येईना, अंगण वाकडं! मी महिनाभर बॅकहॅन्डवर मेहनत घेतोय, त्याचं काहीच नाही? वर येईपर्यंत मी शीळ वाजवत होतो. ती कठड्याला धरून मागून येत होती.

२ मार्च

हिच्याकडून आणखी चार चिठ्ठ्या. 'डोळे मिटून' ('पूर्वी डोळे मिटून दोरा ओवायचे, आता डोळे फाडून बघते तरी नाही'). 'एका हातानं' ('ती बरणी मी एका हातानं उघडायचे'). 'कुणी पोरही करील' ('कुलपात किल्ली घालणं कुणी पोरही करील, मी दारात पाच मिनिटं उभी'). 'हसत हसत' ('चार मजले हसत हसत चढायचे, आता पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटतात').

अशी बायको प्रत्येक कोशकाराला मिळो. मी घरी आलो की आता ती स्वतःहून सांगायला बसते. चहा पुढे ठेवते आणि म्हणते, "आज काय झालं सांगू?" मी म्हणतो, सांग. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं सोडली तर आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. संध्याकाळची वाट पाहतो मी.

६ मार्च

'केकवॉक' लिहून झाला. मूळ शोधताना पेन खाली ठेवलं. गुलामगिरीच्या काळात मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या लोकांचा हा नाच, डौलात चालायची चढाओढ. मालक बघायचे आणि जिंकणाऱ्या जोडीला केक. त्यावरून पुढे 'अगदी सोपं काम' असा अर्थ आला. हिला जेवताना सांगितलं. ती म्हणाली, "बघणाऱ्याला सोपं वाटलं असेल. नाचणाऱ्याला कुणी विचारलं होतं का?" म्हटलं, वा! पण यात प्रतिशब्द काही नव्हता, म्हणून चिठ्ठी केली नाही.

१७ मार्च

अकरा-पाच. अकरा-चार. अकरा-तीन. रॅकेटला नवं रबर बसवलं, त्याचा हा गुण. काल तिनं सर्व्हिस करताना चेंडू वर उडवला आणि रॅकेट हवेतच फिरली. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. तीही हसली. नंतर मात्र म्हणाली, "चिठ्ठी नाही का काढणार?" म्हटलं, हे चिठ्ठीत मावणारं नाही!

१९ एप्रिल

आज ही खाली आलीच नाही. "जिने नको वाटतात," म्हणाली.

'वॉकओव्हर' हा शब्द घोड्यांच्या शर्यतीतला. शर्यतीत एकच घोडा उरला तरी त्यानं मैदानाची फेरी मारायची असते, तेव्हाच बक्षीस. चालत गेला तरी चालतं. मीही नियमानं खाली गेलो, टेबलाशी एकटा उभा राहिलो, एक सर्व्हिस रिकाम्या बाजूला केली आणि फळ्यावर खडूनं स्वतःच्या नावावर विजय मांडला. वर येऊन हिला सांगितलं. वाटलं, हसेल. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. "बरं झालं," एवढंच म्हणाली.

हरणं तिला इतकं लागत असेल असं वाटलं नव्हतं. माणसानं खिलाडूपणा ठेवावा.

१० मे

"कुणाला तरी दाखवायला हवं ना हो?" असं हिनं सकाळी विचारलं. म्हटलं, आधी चष्मा. दोरा ओवता येत नाही म्हणजे नंबर वाढला, यात शंका कसली? दुपारी चष्मेवाल्याकडे नेलं. नंबर पाव वाढला होता. बघ, म्हटलं! दुकानातून निघताना तिची चप्पल पायातून निसटली आणि तिला कळलंच नाही. चार पावलं तशीच गेली. मी चप्पल घेऊन मागून धावलो. रस्त्यात दोघंही हसलो.

घरी येताना ती म्हणाली, "चष्म्यानं नाही झालं बरं तर?" मी म्हटलं, "बघू पुढे. मी सगळं लिहून ठेवतोय ना, काळजी कशाला करतेस?" गमतीनं म्हटलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. बायकांना धीर द्यायला किती थोडं पुरतं!

२८ मे

बाईंनी माझा चिठ्ठ्यांचा डबा मागवून घेतला. चिठ्ठ्या शब्दाच्या अनुक्रमानं लावलेल्या, लाल रेघा सरळ. त्यांनी अर्धा तास वाचल्या. मी स्तुतीची वाट पाहत उभा. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "या बाईंना काय झालंय?"

"कोणत्या बाईंना?"

"खाली सगळीकडे 'पत्नी' लिहिलंय."

"काही नाही. घरगुती बोलणं आहे. पण प्रतिशब्द बघा की!"

"प्रतिशब्द उत्तम आहेत," त्या म्हणाल्या आणि डबा माझ्याकडे सरकवला. दिवसभर कुठंतरी सल राहिली. मनमोकळी स्तुती करायला यांना काय होतं, देव जाणे.

६ जून

महिन्यातला तिसरा कप फुटला. मी ओरडलो. ओरडायला नको होतं. ती खाली बसून तुकडे वेचत होती आणि तुकडा चिमटीत येईना. येतो, निसटतो, पुन्हा येतो. मी चिडून केरसुणी आणली आणि एका फटक्यात सगळं गोळा केलं. "हे असं! इतकं सोपं असतं." ती तशीच जमिनीवर बसून राहिली. मला हात द्यायला सुचलं नाही. तीच भिंतीला धरून उठली.

२ जुलै

लेक आली. परगावी शिक्षिका आहे, रजा काढून आठ दिवसांसाठी आलीय. दोन तासांत घरात वादळ. दुपारी आई सूप पिताना चमचा मुठीत धरते हे तिनं पाहिलं. तान्ह्या पोरासारखा, मूठ आवळून. मग तिनं आईला स्वेटरची बटणं लावायला सांगितली आणि घड्याळ बघत बसली. तीन बटणं, अकरा मिनिटं. मग आईला दारापासून खिडकीपर्यंत चालायला लावलं.

नंतर स्वयंपाकघरात येऊन माझ्यावर बरसली. "बाबा, आईला कधीपासून असं होतंय? तुम्हाला दिसत नव्हतं का? एका घरात राहता ना?"

मला! मला दिसत नव्हतं म्हणे! कालची पोर मला शिकवणार. मी तर पाच महिने हिचा शब्द न् शब्द लिहून घेतोय, तारखेसकट, तिला काय होतं, कधी होतं, आधी कसं होतं आणि आता

वाक्य पुरं होत नाही. पेन तसंच धरून बसलो होतो.

५ जुलै

लेकीनं डॉक्टरांची वेळ घेतली होती. मणक्यांचे सर्जन आहेत, कमी बोलणारे. त्यांनी हिला मूठ उघड-मीट करायला सांगितली, दहा सेकंदांत किती वेळा होते ते मोजलं. साधारण माणूस वीस वेळा करतो म्हणे. हिची उजवी सात वेळा झाली. एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं तर तिसऱ्या पावलाला लेकीनं धरलं.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

ही माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा ना," म्हणाली. माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हती, शर्टाच्या खिशाकडे बघत होती. खिशात कोऱ्या चिठ्ठ्या होत्या. मी म्हणालो, "झाला असेल महिना, दीड महिना." तिची नजर खिशावरच होती.

मानेचा एमआरआय काढला. मानेच्या मणक्यांमधे मज्जारज्जूवर दाब आलाय. डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. पांढरी पट्टी, आणि एका ठिकाणी कुणी चिमटीत धरल्यासारखी. शस्त्रक्रिया करून दाब काढता येतो. पुढचं बिघडणं थांबतं. "आणि गेलेलं?" लेकीनं विचारलं. ते म्हणाले, "किती दिवस दाबलेलं राहिलं त्यावर आहे. लवकर आले की हात बराचसा परत येतो. म्हणून तर कधीपासून ते विचारलं."

७ जुलै

रविवार असून कचेरी उघडून घेतली. माझा डबा काढला. 'पत्नी' लिहिलेल्या चिठ्ठ्या बाजूला केल्या. त्रेचाळीस निघाल्या. आजवर त्या शब्दांच्या क्रमानं होत्या. मार्चच्या चिठ्ठीला लागून जूनची, जूनच्या मागे फेब्रुवारीची. मी त्या टेबलावर तारखेनं लावल्या.

११ फेब्रुवारी: बोटांना सुई कळत नाही. २४ फेब्रुवारी: किल्ली. १ मार्च: पाय लाकडाचे. २१ मार्च: मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखं होतं. 'वीज' बघून मी तेव्हा खूश झालो होतो, ती चिठ्ठी 'स्नॅप'मधे, म्हणजे झटक्यात होणाऱ्या कामात, घातली होती. ३ एप्रिल: हाताला पाणी गरम की गार कळत नाही. २६ एप्रिल: सही बदललीय, बँकेतल्या मुलीनं परत पाठवलं. ३० मे: "मला भीती वाटते हो." या वाक्यात प्रतिशब्द नव्हता. मग ते का लिहून घेतलं? पुढच्या वाक्यात होता. 'पूर्वी मी कशाला म्हणजे कशाला भ्यायचे नाही, सगळं चुटकीसरशी करायचे.' चुटकीसरशी. खाली रेघ, पट्टी लावून मारलेली.

एखाद्या चांगल्या डॉक्टरनं लिहिली असती तर याहून नीट लिहिली नसती अशी नोंद आहे. आणि लिहिणारा गाढव! ओझं वाहिलं, आत काय आहे ते वाचलं नाही. मी तिच्या वाक्यातला पहिला अर्धा भाग ऐकत होतो, 'आता' शब्दाच्या अलीकडचा. पलीकडे ती उभी होती.

आणि तो खेळ! अकरा-तीन! अकरा-दोन! मी शीळ घालत होतो.

९ जुलै

चिठ्ठ्या डॉक्टरांना नेऊन दिल्या. ही तेव्हा रक्त द्यायला गेली होती. त्यांनी एक एक वाचली, मधे एकदा उठून पाणी प्यायले. "या कुणी लिहिल्या?"

"मी."

"इतकी चांगली नोंद रुग्णाचे नातेवाईक कधीच आणत नाहीत," ते म्हणाले. मग पहिल्या चिठ्ठीची तारीख पुन्हा पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, मार खाऊन मोकळा झालो असतो. "ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही," एवढं म्हणाले.

लेकीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. "आईला सांगितलंत?" म्हटलं, नाही. "सांगा," म्हणाली. मी सांगितलं नाही. ऑपरेशनआधी कशाला मनस्ताप, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे तोंड नव्हतं.

२ ऑगस्ट

पाच तास लागले. नीट झालं म्हणतात. गळ्याला पट्टा. शुद्धीवर आली तेव्हा मी उजवा हात हातात घेतला. तिनं विचारलं, "कुणी धरलाय का हात?"

९ सप्टेंबर

कचेरीत रुजू झालो. बाईंना सांगून त्रेचाळीस चिठ्ठ्या कोशातून काढल्या. त्यांनी कारण विचारलं नाही, त्यांना ते मेमधेच कळलं होतं. म्हणाल्या, "त्या दिवशी मी नुसतं विचारून गप्प बसले. घरी फोन करायला हवा होता." म्हणजे सल त्यांनाही आहे. मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत तरी."

आता 'सोपं'मधे नुसते अर्थ आहेत, उदाहरणं नाहीत. अल्पविराम मदतीला आले. "मी... थोडी... ऐकून आणतो," म्हणाले. आता आठवडाभर बसमधून हिंडणार बिचारे.

११ ऑक्टोबर

पायात पुष्कळ फरक. जिना कठड्याशिवाय उतरते. डावा हात जवळजवळ पहिल्यासारखा. उजव्या हाताचे रोज व्यायाम, भिजवलेली कणीक मळल्यासारखा रबरी गोळा दाबायचा, मटारचे दाणे एका वाटीतून दुसरीत टाकायचे. मी समोर बसतो. दाणा पडला की उचलून देतो. मधूनच ती मटार माझ्या अंगावर फेकते. "चेंडू आणून द्यायची सवय आहेच तुम्हाला." मी हसतो. दुकानांचे कोट ती परत पाठवते, चिठ्ठीत लिहिते, 'सध्या काम बंद'. सगळं डाव्या हातानं, 'सध्या'सुद्धा.

तिला अजून सांगितलेलं नाही. रोज उद्यावर टाकतो. उद्या, उद्या करता करता पाच महिने घालवणाऱ्याला आणखी दोन महिने काय जड!

२३ नोव्हेंबर

काल सर्जनकडे शेवटची फेरी होती. त्यांनी मुठी मोजल्या. डावी एकोणीस. उजवी अकरा. ऑगस्टनंतर पहिले दोन महिने वाढत गेली, मग अकरावर थांबली. ते म्हणाले, आता यापुढे फारशी अपेक्षा धरू नका. जेवणखाण, आंघोळ, फिरणं, सगळं होईल. बारीक काम होणार नाही. तिनं विचारलं, "काज?" ते म्हणाले, "नाही."

तिनं ते शांतपणे ऐकलं. मला वाटलं, ऐकलंच नाही की काय. मग डॉक्टर तिला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "तुमच्या मिस्टरांच्या नोंदींचा आम्हाला फार उपयोग झाला. जुलैत मिळाल्या, पण झाला." मी बुटांच्या नाड्यांकडे बघत बसलो.

आज सकाळी चहा घेताना तिनं विचारलं, "तुम्ही फेब्रुवारीपासून लिहीत होतात ना? मग जुलैपर्यंत का थांबलात?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पाच-सहा कारणं तोंडाशी आली, त्यातली दोन तर चांगली होती. पण गेल्या काही महिन्यांत तिच्याशी जे वागलो त्यावर आणखी एक खोटं चढवायचं मला जमेना. मी म्हटलं, "मी ते डॉक्टरांसाठी लिहीत नव्हतो. कोशासाठी लिहीत होतो. तुझ्या बोलण्यात ते शब्द येत होते, बोलता बोलता, डोळे मिटून. मला तेच हवे होते. बाकीचं मी ऐकलंच नाही. चुकलो, असं म्हणायलासुद्धा लाज वाटते."

ती कप दोन्ही हातांत धरून बसली होती, चहा तसाच.

"आधी मलाही वाटलं होतं, कोशाचंच असेल," ती म्हणाली. "पण इतक्या वर्षांत तुम्ही माझं एक वाक्य कधी लिहून घेतलं नव्हतंत. आणि तुम्ही परत परत विचारायचात, आधी कसं व्हायचं, आता कसं होतं. तारीख घालायचात. मला वाटलं, माणूस घाबरलाय, बोलून दाखवत नाही, डॉक्टरांकडे न्यायच्या आधी सगळं गोळा करतोय. म्हणून मी कुणालाच बोलले नाही. लेकीलासुद्धा फोनवर नाही. म्हटलं, हे बघतायत ना."

मी माझा कप खाली ठेवला.

"दिवसभर लक्षात ठेवायचे हो मी," ती म्हणाली. "सकाळी काय झालं, दुपारी काय झालं. तुम्ही आलात की काही सांगायचं राहून जाऊ नये म्हणून मनातल्या मनात घोकून ठेवायचे."

मग ती उठली, कप मोरीत ठेवला आणि कपडे वाळले का ते बघायला गॅलरीत गेली. मी टेबलाशी बसून राहिलो. बाहेर ती चिमटे काढत होती, एक एक, सावकाश, आणि मला मदतीला हाक मारत नव्हती.